पाठीच्या व्यायामाची कॅसेट

मस्कत, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८८, संध्याकाळ

आज परत तीच कॅसेट लावली. मी बायकोकडे, सुमनकडे, फ्रिजदुरुस्तीचं चित्रांचं पुस्तक मागितलेलं. पण पाठ दुखते हेही पत्रात लिहून बसलो. ठाण्यात नौपाड्याच्या लायब्ररीतल्या बाई तिला म्हणाल्या, "आधी पाठ, मग फ्रिज. हे न्या, चांगलं आहे." मला वाचायला जड जातं हे तिला माहीत. म्हणून तिने पुस्तकच वाचून टेप केलं आणि इकडे येणाऱ्या माणसाबरोबर धाडलं.

"अहो, उताणे झोपा. गुडघे पोटाशी घ्या. आता थोडं थांबा." मग तीही थांबते. तेवढ्यात वर्तकनगरचं आमचं घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी, शेजारच्या वहिनींची हाक. आणि पिंकी विचारते, "आई, बाबा या टेपमध्ये झोपलेत?"

"हो गं. गप बस, पाठ दुखते त्यांची."

मी निघालो तेव्हा पोरगी बोलतही नव्हती.

बाजूच्या खाटेवरून सदा म्हणाला, "व्यायाम करतोस का झोपा काढतोस रे? कधीपासून एकच गुडघा धरून पडलायस!" पिंकीचा तेवढाच तुकडा मागे नेऊन ऐकतोय. पाठ आहे तशीच.

अजून दोन वर्षं राहणार का, ते उद्या साहेबाला सांगायचंय. सकाळपर्यंत हो म्हणणार होतो. आत्ता पिंकीने परत विचारलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "नाही गं पिंके, येतो मी."

सदाने ऐकलं. आता साहेबालाही तेच सांगायचं.