गाठीला न कळवलेली साक्ष

आई,

समीक्षाचा रिपोर्ट फोनवर आला. गाठ वाढली आहे. हे तू वाचलंच नाहीस असं समज, कारण रविवारच्या प्रार्थनेत उभी राहून "माही पोरगी बरी झाली" अशी साक्ष तू आधीच देऊन बसलीस. ते गाठीला कोणी कळवलं नाही.

मी तिला घेऊन अकोल्याच्या दवाखान्यात चाललो. भाकरी टोपल्यात आहेत. उपास सोड, त्यानं गाठ वाळत नाही, तूच वाळून राह्यली. काकू विचारतील, "काहो, तुमचा नवा देव कुठं गेला?" सांग, जुना गेला तिथंच.

निघायची तयारी करताना समीक्षानं पास्टरनं दिलेलं तेल माझ्याकडून कपाळाला लावून घेतलं. म्हणाली, "दादा, मले लय भेव लागून राह्यलं. आईपुढं रडता येत नाही." मग मी डोळे मिटले. तुझ्यासारखे शब्द मला येत नाहीत, म्हणून तिचं पूर्ण नाव, मुक्काम मानोरा, जिल्हा वाशीम, एवढंच सांगितलं.

पुढचं तू तुझ्या प्रार्थनेत वाचून दाखव: माननीय प्रभू येशू यांस सविनय विनंती, की सदर गाठ समीक्षाच्या नावावरून कमी करून माझ्या नावावर चढवावी. अर्जदाराची हरकत नाही.

प्रज्वल