शिकण्याचे पंधरा दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार
उंब्रजला पोचलो. कराडहून वडापच्या जीपनं आलो, मांडीवर बॅग आणि बॅगेवर शेजारच्याचं कोपर. दूध संघाची इमारत हायवेला लागूनच आहे. मॅनेजर लालासाहेबांनी दारातच सांगितलं, चहा नंतर, आधी सर्व्हर बघा. असा माणूस आपल्याला आवडतो! गावोगावच्या डेअऱ्यांकडून दुधातल्या फॅटचे आकडे घेणारी ‘सेवा’, म्हणजे सतत चालू असलेला प्रोग्राम, या सर्व्हरवर आहे. गेल्या महिन्यात त्या सेवेतून बाहेरचं कुणीतरी आत शिरलं आणि सगळ्या फायली उचकून गेलं. म्हणून मला बोलावलंय.

राहायला संघाच्या मागचीच खोली. सफाईच्या अंबूबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत सगळी चौकशी केली. बायको राजेश्वरी कवठे महांकाळला माहेरी आहे, पहिलं बाळंतपण, वीसेक दिवस राहिलेत, असं सांगितलं. मग तिकडं जायाचं सोडून हितं काय करताय, म्हणाल्या. हसलो नुसता.

५ नोव्हेंबर, बुधवार
आजपासून कुंपण घालायचं काम. सेवेनं कुठली फाईल उघडायची, बाहेर कुणाशी बोलायचं, हे नियमात असेल तेवढंच. बाकी सगळं नाकारायचं. मग चोर शिरला तरी तिथल्या तिथंच फिरत बसेल. नियम हातानं लिहायचे तर महिना जाईल. त्यापेक्षा पंधरा दिवस ‘शिकणं’ चालू ठेवायचं. सेवा जे जे करेल ते लॉग नावाच्या फायलीत ओळीओळीनं उतरतं. पंधराव्या दिवशी ‘सक्ती’ चालू करायची. या दिवसांत जे केलं तेवढंच पुढं चालेल, जे केलं नाही ते कायमचं बंद. सक्ती चालू असेतो सर्व्हरचा मालक आला तरी नियमापुढं त्याचं काही चालत नाही.

ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या यादीत चाचणीसाठी एक जास्तीचं नाव हवं होतं. स्वतःचंच टाकलं, अमृत. माणसाला काय होतंय!

११ नोव्हेंबर, मंगळवार
राजेश्वरीचा रोज फोन. पाय सुजलेत म्हणते, रविवारी येऊन जा म्हणते. माझं रोज एकच उत्तर, कामात आहे, नंतर करतो. चिडते बिचारी. पण हे काम एकदा पुरं झालं की सरळ रजा टाकून जाणार. मुलगा होवो नाहीतर मुलगी, मांडीवर घेऊन बसणार.

लालासाहेबांनी विचारलं, मदतीला कुणी हवंय का. म्हटलं, मी कुणाची मदत घेत नाही. खरंच घेत नाही, शाळेत गणितातसुद्धा घेतली नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सक्ती चालू केली. आकडे सुरळीत येतायत, आगाऊ काही केलं की सेवेला जागच्या जागी चाप बसतो. लालासाहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवला. शनिवारी निघतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रोज जेवतो ती खाणावळ स्टँडसमोरच आहे. सांगलीची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवायला गेलो तर पाय उचललाच नाही. दुखलं नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, येताय का न्हाई? गाडी गेली. खोलीकडं वळलो तर पाय व्यवस्थित चालले. दमलो असेन.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. राजेश्वरी रडत होती, हसत होती, कधी येताय विचारत होती. मी म्हणालो, कामात आहे, नंतर करतो. दुसरं बोलायला गेलो. तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. तिनं फोन ठेवला.

२४ नोव्हेंबर
लॉग उघडला. सेवेच्या ओळींमध्ये माझ्याही ओळी आहेत.
अमृत — गाडीत चढणे — नाकारले.
अमृत — ‘येतो’ म्हणणे — नाकारले.
अमृत — आनंद होणे — नाकारले.
त्या पंधरा दिवसांत यातलं काहीच केलं नव्हतं. सक्ती बंद करायला गेलो. तेही कधी केलं नव्हतं. बोट बटणापर्यंत जातं आणि थांबतं.

२६ नोव्हेंबर
लालासाहेबांचं नाव यादीत नाही, ते एका बटणानं सक्ती बंद करू शकतात. त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. काय हवंय विचारलं त्यांनी. मी म्हणालो, मी कुणाची मदत घेत नाही. खूश झाले. असा माणूस पाहिजे, घरची कटकट नाही, म्हणाले.

चिठ्ठी लिहावी म्हटलं. दुसऱ्या कागदावर पेन टेकत नाही. या वहीत रोज लिहीत होतो म्हणून इथं चालतं. वही कुणाला दाखवावी तर — कधी दाखवली नव्हती.

३० नोव्हेंबर
राजेश्वरीचा फोन. बारशाला आला नाहीत तर पुन्हा तोंड दाखवू नका. मुलगी झाली म्हणून आला नाही, असं तिकडं सगळे म्हणतायत.
शप्पथ, असं नाही.
वाईट वाटायला पाहिजे. वाटत नाही. लॉग बघितला. तेही नाकारलंय.

४ डिसेंबर
आज बारसं. चार गाड्या गेल्या. पाय नाही.
जेवलो. भूक चालते.

६ डिसेंबर
मेहुणा शंभूराज आला, भर ऑफिसात. दाजी, पोरगी झाली म्हनून तोंड फिरवलं व्हय तुमी? ताई बोलायची बंद झालीय म्हणाला. पाळण्याचा व्हिडिओ लावून मोबाईल पुढं धरला. डोळे सर्व्हरकडं गेले. त्यानं हनुवटी धरून वळवलं. मोबाईलची काच दिसली. नुसती काच.
कामात आहे, नंतर करतो, म्हणालो.
मारलं नाही त्यानं. मारायला हवं होतं. संपलं म्हणाला. मुलीचं नाव अंबूबाईंना सांगून गेला —

८ डिसेंबर
अंबूबाई नाव सांगतायत. लय ग्वाड हाय म्हणतात. ते ऐकू येतं. नाव नाही. ओठ हलतात फक्त —
पुन्हा सांगितलं. हळूहळू. हात धरून.
आत्ता काहीतरी — पहिलं अक्षर — वहीत हात चालतो. एवढं तरी वहीत राहू दे. माझ्या मुलीचं नाव