लग्नावरून गेलेली निळी गाडी

हॅलिफॅक्स,
मंगळवार, १२ मे १९९८
सकाळी दहा वाजून पाच मिनिटं

प्रिय म्युरिएलताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केला आहे, याची नोंद घ्यावी.) तुझा डावा गुडघा कसा आहे? नव्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतेस, की डॉक्टर फारच पोरसवदा दिसतात म्हणून त्या अजून ड्रॉवरमध्येच आहेत? तुझ्याकडे टॉर्कीला ऊन असेल. इथे पाऊस आहे, पण तो मार्चपासूनच असल्यामुळे त्याला बातमी म्हणता येणार नाही. जीन बरी आहे. परसातला आंबट देठांचा रुबार्ब यंदा इतका माजला आहे की ओळखीच्या सगळ्यांना वाटून झाला, आणि आता शेजारचे हिगिनबॉटम मला बघून रस्ता ओलांडतात. माझी कंबर धरली होती, ती सुटली. कंबर धरली ती माळ्यावर चढल्यामुळे, आणि माळ्यावर का चढलो ते सांगण्यासाठीच हे पत्र.

गेल्या रविवारी माळ्यावर जीनची लाल सूटकेस शोधताना एक पत्र्याची डबी हाती लागली. आत फिल्मचं रीळ. डबीवर माझ्याच अक्षरात 'किनारा, जून १९६१'. तुला आठवत असेल, त्या जूनमध्ये मी पहिली गाडी घेतली, फिकट निळी, सेकंडहँड, आणि आम्ही दोघं आठ दिवस यॉर्कशरच्या किनाऱ्याने हिंडलो. (एकूण दोनशे अठरा मैल. त्यातले अकरा रस्ता चुकल्याचे; जीनच्या मते चाळीस. एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं सांभाळलेल्या माणसाचे आकडे ग्राह्य धरावेत.) बाबांनी त्यांचा फिल्मचा कॅमेरा दिला होता. आता खरं सांगायचं तर त्या फिल्ममध्ये किनारा फारसा नाही. गाडी आहे. ब्रिडलिंग्टनच्या बंदरापुढे गाडी, स्कारबरोच्या किल्ल्याखाली गाडी, व्हिटबीच्या पडक्या मठापुढे गाडी. आणि दोन्ही मावत नव्हती म्हणून मठ कापून गाडी. बायको खिडकीतून थर्मास पुढे करणाऱ्या हाताएवढी. जीनने ते पाहून विचारलं, "आठ दिवसांत तुला मी कोपरापर्यंतच दिसले का रे?" नवी गाडी होती, ताई. माणूस काय करणार?

इथे थोडी तांत्रिक माहिती द्यावी लागेल. कंटाळा आला तर चहा टाकून ये, मी थांबतो. त्या कॅमेऱ्याच्या रिळाची एक तऱ्हा होती. आधी फिल्मची अर्धी बाजू वापरायची, दोन मिनिटांनी ती संपली की रीळ काढून उलटं बसवायचं आणि उरलेली अर्धी बाजू वापरायची. दोन्ही झाल्या की रीळ फिरून पुन्हा पहिल्यासारखं दिसायला लागायचं. म्हणजे कोरं रीळ आणि संपलेलं रीळ शेजारी ठेवलं तर जुळे भाऊ. म्हणून शहाणा माणूस संपलेल्या रिळाला तिथल्या तिथे चिकटपट्टी लावून वर खूण करतो. तुझ्या लग्नाच्या दिवशी, आठ जुलैला, माझ्या कोटाच्या खिशात अशी दोन रिळं होती आणि चिकटपट्टी घरी होती. पुढचं तू ओळखलं असशील. आपल्या घरात हुशार तूच.

त्या सकाळी तू बाबांना म्हणालीस, "क्लिफर्डच्या हातात कॅमेरा देऊ नका हं. हा माझ्या लग्नातसुद्धा गाडीच काढून ठेवील." बाबा म्हणाले, "त्याच्याच हातात देणार. माझा मुलगा आहे तो." (तुझ्या बोलण्याचा मला तेव्हा राग आला होता. तो मागे घेतो.) मी तुझं लग्न काढलं ते किनाऱ्याच्या भरलेल्या रिळावर, आणि कोरं रीळ खिशातून जसंच्या तसं घरी आलं. दोन्ही धुवायला पाठवली. त्यातलं एक काळंकुट्ट परत आलं. तेच लग्नाचं असं समजून आपण सगळे बाबांकडे चादर टांगून बसलो आणि चार मिनिटं काळोख पाहिला. आई म्हणाली, बहुतेक चर्चच्या आतलं असेल. मी म्हणालो, धुणाऱ्यांनी नासवलं. पुढे तू त्यांना तीन पत्रं लिहिलीस, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि सदतीस वर्षं तू त्यांना दरोडेखोर म्हणत आली आहेस. त्यांचा काही दोष नव्हता. त्या दुःखात मी किनाऱ्याचं रीळ न पाहताच ठेवून दिलं होतं, ते रविवारी पाहिलं आणि थक्क झालो.

कारण तुझं लग्न त्यात आहे. सगळं आहे. फक्त गाडीही आहे, कारण दोन्ही चित्रं एकात एक बसली आहेत. बाबांचा हात धरून तू चर्चकडे येतेस ती बॉनेटमधून. पाद्रीबाबांच्या डोक्यावर एक समुद्रपक्षी बसला आहे आणि ते दोघंही अतिशय गंभीर आहेत. एडिथआत्याची टोपी मठाच्या कमानीत अगदी मापाने बसली आहे. आई हॅमची प्लेट घेऊन जेवायला बसते तर जीनचा तो हात तिला पुन्हा पुन्हा थर्मास देतो. आणि तुम्ही दोघांनी पायरीवर एकमेकांचं चुंबन घेतलंत, नेमक्या त्याच क्षणी रॉबिन हुड्स बेच्या चढावर आमचा रेडिएटर उकळला. इतकी वाफ निघते की सगळं वऱ्हाड दिसेनासं होतं. जीन हसून हसून खाली बसली.

मग नवरदेव चालतो, तुझा बर्नार्ड. चर्चच्या दारापासून फाटकापर्यंत. मी घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद. तिथे सुदैवाने नुसता समुद्र आहे (गाडी पंक्चर काढायला दिली होती). टोपी हातात धरून, डावा पाय तसाच बाहेर फेकत, बस सुटेल की काय अशा घाईने तो पाण्यातून चालत जातो. जीन हसायची थांबली. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्याला पोचवून आल्यावर सँडविचची ताटली हातात घेऊन तू मला म्हणाली होतीस, "फोटो ढीगभर आहेत रे. पण तो चालायचा कसा, ते मला आठवेनासं झालंय. फोटोतला माणूस चालत नाही." मी तुला आणखी एक सँडविच दिलं. याची अजून लाज वाटते. ती अकरा सेकंदं तुझी आहेत, ती तुझ्याकडे यावीत एवढंच मला हवं आहे. त्यानंतर तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. (असेल, पण असं लिहायची पद्धत आहे.)

गोळ्या घे. रुबार्ब पाठवू का, तेही कळव.

आजपर्यंत तरी तुझाच,
क्लिफर्ड

ता.क. जीनने पत्र वाचलं आणि 'थक्क झालो' यावर बोट ठेवलं. माळ्यावर प्रोजेक्टरमागे दोन खुर्च्या कशा, असंही विचारलं. तेव्हा दुरुस्ती करतो. थक्क झालो हे खरं, पण सप्टेंबर १९६१ मध्ये. तोवर बाबा गावभर सांगत सुटले होते की चूक माझ्या मुलाची नव्हती, आणि तू धुणाऱ्यांना लिहायला चांगला कागद आणून ठेवला होतास. मला धीर झाला नाही. मग जितका उशीर होत गेला तितका जास्त धीर लागायला लागला.

आणखी ता.क. दुसरी खुर्ची बर्नार्डची. त्याला मी त्याच आठवड्यात दाखवलं. वाटलं, एक ठोसा देईल. तो म्हणाला, "पुन्हा लाव." दर नाताळात तुम्ही दोघी भांडी आवरायला लागलात की आम्ही 'टाकीचा पाइप गोठला का बघतो' म्हणून वर जायचो, ते यासाठी. छत्तीस नाताळांत तो पाइप एकदाही गोठलेला नाही. आत्याच्या टोपीकडे बघून तू हसतेस ना, तिथे तो म्हणायचा, "थांबव." थांबवलं तर फिल्म जळते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावायचो. तुझी ती तीन पत्रं पोस्टात टाकायला त्यानेच नेली होती. टाकली नाहीत. माझ्याकडे आहेत. त्याच्यावर रागावू नकोस. तो दर वर्षी मला म्हणायचा, "तिला तूच सांग. मी सांगितलं तर तुझं सांगायचं राहून जाईल." मी सांगितलं नाही, आणि तो गेला. ते तुम्ही दोघांनी शेजारी बसून बघायला हवं होतं. ते माझ्यामुळे झालं नाही. बाकी सगळं विसर, पण हे खरंच माझं चुकलं.

म्युरिएल, ही जीन. पाकीट चिकटवायच्या आधी दोन ओळी घुसवते आहे. तो अंघोळीला गेलाय. हे त्याचं चौथं पत्र. आधीची तीन फाडली, त्यांत नुसता रुबार्ब होता. त्याला ते रीळ पोस्टाने पाठवायचंच नाहीये. स्वतः गाडीने घेऊन यायचंय आणि तुझ्याशेजारी बसून दाखवायचंय, पण 'येऊ का' एवढं विचारायची छाती नाही. प्रोजेक्टर रविवारपासून गाडीच्या मागच्या सीटवर आहे, वर चादरसुद्धा घडी करून ठेवलीय. तेव्हा तूच फोन कर. आणि हे बघ, पहिली दहा मिनिटं त्याला चांगला झाप. एकदम माफ केलंस तर तुझं काहीतरी बिनसलंय, तब्येत बिघडलीय असं समजून तो त्याच रात्री निघेल, आणि रात्रीचं त्याला हल्ली नीट दिसत नाही.