मालूसाठी डच

२ नोव्हेंबर १९८९
मालू येतेय! हॉलंडहून पत्र आलं. मी आया आहे त्या बालगृहात तीन वर्षांची होईपर्यंत ती माझ्याच कडेवर होती, मग तिकडे दत्तक गेली. आता नऊची. नाताळात आईवडिलांसोबत ठाण्याला येणार. बालगृहाच्या मॅडमनी पत्र वाचून दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "डोरोथी, तिला डचशिवाय काही येत नाही हं."
बरं. मग मी डच शिकते.

५ नोव्हेंबर
बाळकुमला कॉस्मासदादाकडे गेलेले. माझा थोरला भाऊ, बारा वर्षं डच बोटीवर कुक होता. म्हणाला, "पोरं काय बोलतात? माझं मोठं, तुझं छोटं. तेच शिक आधी." मोठं म्हणजे ख्रोट. त्याहून मोठं — ख्रोटर. तो ख घशात काटा अडकल्यासारखा काढायचा. वहिनी पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं ठसकाच लागला.

१२ नोव्हेंबर
आपल्याकडे बरंय. 'पेक्षा' लावलं की झालं, शब्द तसाच. त्यांच्यात शब्दालाच शेपूट. लहान क्लाइन, आणखी लहान क्लाइनर. 'पेक्षा'ला दान. र वर संपला शब्द, की मध्ये ड घुसतो — महाग द्यूर, जास्त महाग द्यूरडर. बाजारात मंजुळा कोळणीला तेच म्हटलं. "शिवी देतेस का गं?" म्हणाली.

१९ नोव्हेंबर
'चांगलं' सरळ चालत नाही. खूट, मग एकदम बेटर. मी तीनदा 'खूटर' म्हणाले. दादा — "पाठच कर. कारण विचारू नको."
मग म्हणाला, वाक्य बनव, कोण कोणापेक्षा चांगलं. मनात एकच आलं. तिची तिकडची आई बेटर, की मी? डचच्या वहीत उतरवलं नाही. पापलेट बोंबलापेक्षा चांगलं असं लिहून मोकळी झाले. तेही खोटंच, मला बोंबील आवडतात.

३ डिसेंबर
आज मांजरालाही क्लाइनर म्हणाले.

२३ डिसेंबर
आली. मी ओळखलं, तिने नाही. आईच्या पाठी लपली. आई विल्मा — उंच, गोरी, आणि माझ्याइतकीच घाबरलेली. पाठ केलेलं सगळं गेलं. तळहात पुढे केला नि म्हटलं, "ख्रोट." मालूने हळूच आपला टेकवला. "क्लाइनर." मग पायाला पाय, वेणीला वेणी. नाकं मात्र एवन ख्रोट — दोघींची सारखीच. मी 'ख्रोटर'च्या जागी 'मेअर ख्रोट' म्हणाले, 'जास्त मोठं' सारखं, तर हसून लोळली. चारदा 'ख्रोटर' घोकून घेतलं माझ्याकडून.
विल्मा येऊन आमच्याजवळ जमिनीवर बसली. बेटर कोण, ते विचारावंसंच वाटलं नाही.
दादालाही बोलावलं होतं; निघताना विल्मा त्याच्याशी बराच वेळ बोलली. दादाने मग मला सांगितलं — त्यांना मालूच्या जन्मदात्या आईला शोधायचंय. मॅडमना रजिस्टरमध्ये नाव सापडलं. हौसाबाई, खडवली. शिपाई उत्तमला पाठवलंय.

२६ डिसेंबर
उत्तमला हौसाबाई भेटली. उद्या पोरीला आणा म्हणाली. तिथलं बोलणं डचमध्ये सांगायला येशील का, असं विल्माने दादाला विचारलं, पण मालूने नाही म्हणून मान हलवली आणि माझं बोट धरलं.
"तुला जमेल?" दादाने विचारलं.
मी हो म्हणाले.