मोकळा केला

३ तारीख
मी कुठंच टिकत नाही, हे दादाचं पालुपद आता तरी बंद व्हावं. गॅरेजमधून मी पळालो नव्हतो, मालकानंच हाकललं होतं. आता येऊन बघ म्हणावं. स्वतःची खोली, खिडकी, नळाला गरम पाणी. इथला मालक म्हातारा, आधी फौजेत होता, आता लढाईच्या कादंबऱ्या लिहितो. डोळ्यांसमोर घडल्याशिवाय त्याला लिहिता येत नाही, म्हणून मी रांगायचं, पडायचं, मरायचं. बसून पगार खाणारे पुष्कळ पाहिले, रांगून खाणारा मीच पहिला. पुस्तक संपलं की सगळे पैसे एकदम.

५ तारीख
आज चार वेळा मेलो, मध्ये चहा झाला. म्हाताऱ्याची सून, तिला मी वहिनी म्हणतो, म्हणाली की मेल्यावर तू घोरतोस. म्हातारा हसला नाही. म्हणाला, गोळी लागलेला माणूस ओरडत नाही, घरी काहीतरी विसरल्यासारखा बघतो. त्याच्या पुस्तकातला शिपाई लढाईनंतर बेकरी काढतो, सुखानं पाव भाजतो. म्हातारा स्वतः मात्र दाराकडं पाठ करून जेवायलाही बसत नाही.

८ तारीख
कैद्याचं प्रकरण. मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड, गुडघ्यांवर, हात डोक्यावर. म्हातारा काठी बंदुकीसारखी धरून मागं उभा. मग म्हणाला, तुझ्याच वयाचा होता. पुढं काय झालं विचारलं, तर म्हणाला, मोकळा केला. बरं वाटलं. वहिनी सांगत होती, त्याच्या प्रत्येक पुस्तकात हा कैदी येतो आणि प्रत्येकात मोकळा होतो. लोक वाचून रडतात. माणुसकी म्हणे.

११ तारीख
परत कैदी. उठलो तर दोन्ही गुडघ्यांना ओला चिखल. खोलीत फरशी, बाहेर पाऊस नाही. वहिनी म्हणाली, कुठं लोळून आलास रे. आणि डावीकडं कुणीतरी श्वास घेत होतं, माझ्यासारखंच खाली बसलेलं. मान वळवली नाही. निघून जावंसं वाटतंय. पण बिनपगारी घरी गेलो तर दादा काय म्हणेल ते पाठ आहे.

१२ तारीख
म्हातारा आपणहून बोलला. फौजेत 'मारा' असं कुणी म्हणायचं नाही. वायरलेसवर हुकूम यायचा, मोकळे करा. तेवढंच. पुस्तकांत तोच शब्द ठेवला, खोटं एक अक्षर लिहिलं नाही म्हणाला. वाचणाऱ्यांनी हवा तो अर्थ घेतला, वर आभाराची पत्रं पाठवली. या खेपेला खरं लिहायचंय. पण हात चालत नाही. एकदा परत बघायला हवं, म्हणाला—

१३, सकाळ
वहिनी हसत आली. पुस्तक आज संपतंय, दुपारी बाबा तुला मोकळा करणार आहेत, म्हणाली. पगाराचं पाकीट दिलं. तिला काहीच ठाऊक नाही. सांगायला तोंड उघडलं आणि दुसरंच आलं— हे दादाला पाठवा. ती घेऊन गेली.

दुपार
दाराकडं गेलो— समोर भिंत. खिडकीकडं वळलो— भिंत. गुडघे आपोआप वाकतात. आता दोन्ही बाजूंना श्वास—

म्हातारा मागं आलाय. आज काठी नाही हातात. रडतोय, पण हात—

दादा, वहिनी पाठवेल ते मोजून घे. अठरा हजार आहेत, अठरा हजार पाच—