चिंचोक्यांची बस

अण्णा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलोच आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. इथं कच्छात पवनचक्क्या उभ्या करायच्या कामावर आहे. वारा जास्त सुटला की क्रेन बंद ठेवतात आणि आम्ही पत्र्याच्या खोलीत बसून राहतो. सकाळपासून तसाच बसलोय, म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतच शिकलो, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतली आपली ती एक खोली. तुमची थर्ड शिफ्ट असली की कंपनीची बस सकाळी तुम्हाला वाळूजहून आणून सोडायची. तुम्ही चहा-चपाती खाणार आणि तोंडावर टॉवेल टाकून झोपणार. मग दुपारपर्यंत घरात कुणी आवाज करायचा नाही. शिट्टी नको म्हणून आई डाळसुद्धा कुकर सोडून पातेल्यात शिजवते. मी भिंतीला टेकून बसून माझी बस चालवतो. बुटाच्या खोक्याला ब्लेडनं खिडक्या पाडलेल्या, चाकं तुमच्या तुटक्या स्लीपरची. आत चिंचोके, लासूर स्टेशनला मामाकडं गेलो की खिसे भरून आणलेले. एकेक चिंचोका म्हणजे तुमच्या लाईनीवरचा एकेक माणूस. सगळ्यात जाडा तो सुपरवायझर. फरशीवर घासून गुळगुळीत केलेला तो तुम्ही, खिडकीच्या सीटवर. हॉर्न मी घशातल्या घशात वाजवायचो.

एक दिवस बस निघाली आणि सुपरवायझर खालीच राहिला. मला भानच राहिलं नाही. मी ओरडलो, "थांबवा, थांबवा! साहेब राहिले!"

तुम्ही उठलात. "झोपू देतो का नाय? खेळून पोट भरतं का रे?" खोक्यावर पाय दिला आणि चिंचोके दारातनं नालीत फेकले. आई म्हणाली, "अहो, लेकरूच हाय." तुम्ही म्हणालात, "लेकरू कशाचं, दहा वर्षांचा घोडा झालाय." आणि परत टॉवेल तोंडावर. खिडकीतले तुम्ही पण नालीत गेला होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

हे मी सोडून दिलं असतं. रात्रभर प्रेस मशीनवर उभा राहिलेला माणूस आहे, डोकं फिरतं. आता मलाही कळतं. पण तुमच्या दहाव्याला तुमच्या लाईनीवरची माणसं आली. त्यातले एक काका डोळे पुसता पुसता हसायलाच लागले. "तुझा बाप म्हणजे लई नकल्या, बरं का! बशीत बसला की सुरू. साहेबाचा आवाज, बकरीचा आवाज, मशीन बिघडल्याचा आवाज. नगर नाक्यावर बस अडकली की बाईच्या आवाजात पुढच्या रिक्षावाल्याशी भांडायचा!" बसचे ड्रायव्हर चाचा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घर में तो और हसाते होंगे ना, बेटा?" मी मान हलवली. आईनं माझ्याकडं बघितलं आणि ती आत गेली.

तेव्हापासून हा राग आहे. तुम्हाला येत नव्हतं असं असतं तर भांडण नव्हतं. तुम्हाला येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. सगळी बस पोट धरून हसायची आणि आपल्या घरी तुम्ही धुतलेल्या डब्यासारखे रिकामे यायचात. मला तुमच्या शेजारी बसायला दुसरी बस नव्हती, अण्णा. म्हणून मी खोक्याची केली होती. त्यावर तुम्ही 'खेळून पोट भरतं का' म्हणालात.

माझा पोरगा पाच वर्षांचा आहे. तिकडंच, आई आणि बायकोजवळ. रोज व्हिडिओ कॉलवर येतो. "पप्पा, तुम्ही वाघ व्हा." मी विचारतो, "वाघानं काय करायचं?" तो कपाळावर हात मारतो. "अहो पप्पा, वाघाला कुणी सांगतं का?" मग मी रेंज नाही म्हणतो आणि फोन ठेवतो. नोकऱ्या चार बदलल्या, गावं सहा बदलली, उंचीची भीती गेली, पण हे जमत नाही. तोंड उघडलं की कुणीतरी झोपलंय असं वाटतं. परवा तो फोनसमोरच म्हणाला, "मम्मी, पप्पाला खेळता येत नाय. ठेव मोबाईल."

मी घाबरलो. म्हणालो, "थांब, थांब. तुझ्या आजोबांना लई आवाज यायचे. साहेबाचा, मशीनचा, बकरीचा." तो परत फोनला चिकटला. "तुम्ही ऐकलेत?" मी म्हणालो, "व्हय, रोज." मग त्याला बकरीच पाहिजे. आजोबांची, अगदी तशीच. खोलीतली, माझ्याबरोबर कामावरची तीन पोरं माझ्याकडं बघत होती. मी डोळे मिटले आणि काढला आवाज. तो हसून हसून खाटेवरनं खाली पडला. आता रोज मागतो. गल्लीत पोरांना करून दाखवतो म्हणे, आमच्या आजोबांची बकरी.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. राग आहे तसाच आहे. पण ती बकरी तुमची नाही, मी बनवलेली आहे, हे त्याला सांगायचं माझ्याकडनं होत नाही.