अकरा फूट आठ इंच तार

१७ ऑगस्ट २००८, रविवार. सकाळी ९.
स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: मागच्या खोलीचं दार. कूलरची पूर्ण बॉडी. बायकोच्या, म्हणजे कौसल्याच्या, शिलाई मशीनचं पायडल. कापसाच्या जिनिंगमधल्या चोवीस मशीनचे रोलर, प्रत्येकी किमान सहा वेळा. कॉम्प्युटरचं टेबल, सागवानी, साडेतीन फूट रुंद. शिक्षण आठवी. उस्ताद कोणी नाही.
टेबल मागच्या खोलीतच जोडलं. दार अडीच फुटांचं, म्हणून टेबल बाहेर निघत नाही. हा दाराचा दोष.
कॉम्प्युटर शेठनं दिलेला, जिनिंग बंद पडली तेव्हा, पगाराच्या बदल्यात. फोनचा जॅक पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत नाही. मोडेम आला आहे. दोन दिवसांचं काम.

२० ऑगस्ट.
गुजरातेतल्या नव्या जिनिंगच्या मॅनेजरचा फोन! पोरीनं, दीपानं, गेल्या महिन्यात यवतमाळच्या कॅफेतून माझा बायोडाटा पाठवला होता. हेड फिटर. म्हणाले, अटी मेलवर पाठवल्या आहेत, आमचा नंबरही त्यातच आहे, ५ सप्टेंबरपर्यंत होकार कळवा.
कौसल्या म्हणाली, फोनवरच हो म्हनाचं होतं न, दोन हंगाम झाले घरी बसून. तिला सांगितलं, अटी न वाचता हो म्हणणारा फिटर नट न बघता पाना लावतो. (घर सध्या तिच्या शिलाईवर चालतं. पण मशीनला तेल मी घालतो. तेव्हा कमाई संयुक्त.)
दीपा म्हणाली, बाबा, उद्या कॉलेजले गेली की कॅफेत पाहून येते. नाही म्हटलं. घरचं पत्र रस्त्यावर उघडत नसतात. पासवर्ड मी बायोडाटा पाठवला त्याच दिवशी कॅफेत बदलून ठेवला होता. कोणालाही सांगितलेला नाही.

२१ ऑगस्ट.
फोन ऑफिसचा लाइनमन प्रेमसिंग आला. उकंडाभाऊ, अर्ध्या तासाचं काम हाय, जॅकपासून तार ओढून देतो, चहा पाजा फक्त. तार दाखव म्हटलं. शिवणाच्या दोऱ्याएवढी! एवढ्याशा तारेतून गुजरात कसा येईल? तो हसला, म्हणे, इंटरनेट हाय भाऊ, हिरीचं पानी नाही. चहा पाजून परत पाठवला.

२३ ऑगस्ट. दुपारी.
मोटरपंपाची तीनपदरी केबल घरात शिल्लक होतीच. जाड तार, जास्त वेग. तुकडे लहान, म्हणून पाच सांधे. जॅकही घरीच केला: सागवानी ठोकळा, पितळी स्क्रू दोन. कंपनीच्या जॅकपेक्षा देखणा.

२४ ऑगस्ट.
फोन बंद. कानाला लावला तर नुसती घूं घूं. तात्पुरतं आहे.
मोडेमचा दिवा स्थिर हवा, लुकलुकतो आहे. मिनिटाला ६४ वेळा.

२७ ऑगस्ट.
दीपा म्हणाली, ते सांधे सोडले तर निदान फोन तरी चालू होईल, बाबा. सोडले तर माझी चूक होती असा अर्थ होतो. सोडले नाहीत.

३० ऑगस्ट, पोळा.
पावसाचं पाणी छपराच्या कवेलूतून सांध्यांवर. शेजारच्या देवरावकडे बैलांच्या शिंगांचा रंग उरला होता. पाचही सांध्यांना दोन-दोन हात दिले. कौसल्या म्हणाली, तुमच्या इंटरनेटले झूलबी चढवा न.
दिवा मिनिटाला ५२. सुधारणा.

२ सप्टेंबर.
रात्री जेवताना कौसल्या म्हणाली, मॅनेजरचा नंबर घेतला असता तर बूथवरून फोन लावला असता. नंबर मेलमध्ये आहे, हे तिला तिसऱ्यांदा समजावलं. तिनं ताट उचललं.
दिवा ५२. कायम. म्हणजे स्थिरच म्हणायचा.

४ सप्टेंबर.
केबल भिंतीवरून काढून जमिनीवरून टाकली. दिवा ७०. झोप नाही. उद्या शेवटचा दिवस. उद्या होणार. न झाल्यास कॅफेत जाईन, फक्त त्यांची वायरिंग बघायला.

५ सप्टेंबर. रात्री ८.३०.
दुपारी दोनपर्यंत एक सांधा नव्यानं केला. तीनच्या एसटीनं यवतमाळ. कॅफेत बसलो, नाव टाकलं. पासवर्ड आठवेना. तीन वेळा चुकला. मग आठवलं: पासवर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलनं लिहिला आहे, सुरक्षित म्हणून.
घरी फोन करून दीपाला टेबलाखाली वाकून वाचायला सांगावं, म्हणून बूथवर गेलो. घरचा फोन लागला नाही. का लागला नाही ते मला माहीत होतं. तरी अकरा वेळा लावला. बूथवाला म्हणाला, काका, लाइन मेली हाय, कायले उगाच डायल करून राह्यले?
परतीच्या एसटीत उभा आलो. जागा रिकामी होती.

७ सप्टेंबर, रविवार.
कौसल्यानं परस्पर प्रेमसिंगला बोलावलं. त्यानं माझी केबल काढून दारात गुंडाळून ठेवली, बारीक तार ओढली. मोजली: अकरा फूट आठ इंच. वेळ एकोणीस मिनिटं. सागवानी ठोकळ्याकडे बघून म्हणाला, भाऊ, हे मस्त हाय, यावर पानाचा डबा ठेवा. दिवा स्थिर. फोनही लागला.
दोन मेल. पहिली २० ऑगस्टची. दुसरी कालची: आपल्या फोनवर चार दिवस प्रयत्न केला, लागला नाही, उत्तरही नाही, त्यामुळे आपण नकार दिला असे समजून दुसरा माणूस घेतला आहे.
कंपनीनं ‘आपण नकार दिला’ असं लेखी म्हटलं आहे. तेच बरोबर. कौसल्याला सांगितलं, नोकरी आली होती, मी नाकारली. ती सुईत दोरा ओवत होती. ओवला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग खाली बघतच तिनं विचारलं, पगार किती देत होते?
आकडा सांगितला नाही. इथे लिहून ठेवतो, नोंद चोख असावी म्हणून.
नाकारलेली नोकरी: हेड फिटर, राहायला खोली, खोलीत फोन. महिना साडेअकरा हजार रुपये.